सासूबाईंची अळंबी आणि दिरांची अळंबी

या वेळचं पत्र खानापूर तालुक्यातून आलंय. लिहिणाऱ्या बाई बेळगाव शहरात वाढल्या आणि लग्न होऊन जांबोटीच्या पुढं एका गावात गेल्या. पत्र थोडं कमी करून देते.

"आमच्या सासूबाई दर पावसाळ्यात माळावरून अळंबी आणतात. आठ वर्षं मी त्यांच्या हातची खाल्ली, कधी कुणाला काही झालं नाही. यंदा त्यांचा मोतीबिंदू वाढलाय म्हणून त्या गेल्या नाहीत. धाकटे दीर अकेशियाच्या लावणीतून पिशवी भरून पांढऱ्या छत्र्या घेऊन आले. सासूबाईंनी हातात घेऊन चाचपल्या आणि लसूण व चांदीचा जुना रुपया टाकून उकळल्या. रुपया काळा पडला नाही. 'आता कसलं इख गं, घाल कांदा-खोबरं' म्हणाल्या. दिरांनी मोबाइलवर फोटो काढून बघितला, त्यातही खायला चालते असंच आलं. माझा काही धीर होईना. घरात दोन लहान मुलं आहेत. मी कुणाला न सांगता पातेलं परड्यात ओतलं आणि भाजी करपली म्हणून सांगितलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी चुकले का? आणि खायची अळंबी खात्रीनं ओळखायची तरी कशी?"

ताई, तुम्ही चुकला नाहीत. पातेलं ओतलंत ते बरोबर केलंत. करपलं म्हणून सांगितलंत, त्याबद्दल शेवटी बोलू.

आठ वर्षं तुम्ही सासूबाईंची अळंबी खाल्लीत आणि काही झालं नाही, ते रुपयामुळं नव्हे. त्या जिथून आणत होत्या त्या जागेमुळं. त्यांना माळावरची चार-पाच ठिकाणं पाठ असतील. कुठल्या बांधाच्या कडेला, कुठल्या वारुळाच्या पायथ्याला, आर्द्रात कुठं आणि पुष्यात कुठं, हे त्यांना त्यांच्या आईनं किंवा सासूनं दाखवलेलं असणार. आपल्याकडं ज्याला लोक मानानं अळंबी म्हणतात ती वाळवीच्या घरातून वर येते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा आणि लाकूड चावून स्पंजासारखे पोकळ गोळे बांधते आणि त्यांच्यावर ही बुरशी पोसते. पावसानं जमीन मुरली की तीच बुरशी माती फोडून छत्री होऊन वर येते. वाळवीचं घर वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी असतं, म्हणून अळंबीही त्याच ठिकाणी येते. सासूबाई दर साली त्याच जागी जात आणि तीच अळंबी आणत. तुमच्या घराला सांभाळलं ते या माहितीनं. रुपया नुसता पातेल्यात पडलेला असायचा.

यंदा दिरांनी जागा बदलली. अकेशियाच्या लावणीत काय उगवतं, हे सासूबाईंना कुणी शिकवलेलं नाही, आणि त्यांना नीट दिसतही नव्हतं. त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव त्या पिशवीला लागूच पडत नव्हता.

आता त्या रुपयाचं. चांदी काळी पडते ती गंधकामुळं. उकडलेल्या अंड्याला चांदीचा चमचा लावा, तोही काळवंडेल, आणि अंडं काही विषारी नसतं. अळंबीतल्या सगळ्यात घातक विषाला चांदी ओळखत नाही. लसूणही ओळखत नाही आणि काही जण सोबत टाकतात तो तांदूळही नाही. गोगलगायीनं कुरतडलेली छत्री माणसाला चालते हा समजही खोटा आहे, कारण आपल्याला मारणारं विष गोगलगाय पचवते. रंगीत ती विषारी आणि पांढरी ती चांगली, असं मी आमच्या कॉलेजातल्या मुलांच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय. जगात जिनं सगळ्यात जास्त माणसं मारली त्या अमानिता कुळातल्या छत्र्या पांढऱ्या, फिकट हिरवट, दिसायला अगदी सोज्वळ असतात. पश्चिम घाटातही या कुळातल्या जाती सापडतात. त्या वाळवीच्या घरातून येत नाहीत, झाडांच्या मुळांशी सख्य करून वाढतात. म्हणून लावणीतल्या झाडांखालच्या पांढऱ्या छत्रीचं नाव काढलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. आणि हे विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही, पहिलं पाणी ओतून टाकलं तरी जात नाही.

थोडक्यात, स्वयंपाकघरात विष ओळखायची एकही परीक्षा नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की एक अळंबी मुळापासून टोकापर्यंत ओळखायची आणि बाकी सगळ्या सोडून द्यायच्या. शंभर ओळखायला जाऊ नका. तुमच्या गावात, तुमच्या सासूबाईंच्या जागेवर येणारी ती एक शिका.

ती शिकायची तर छत्री वरून मोडून घ्यायची नाही. हे मी वनस्पतीशास्त्र शिकवताना दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी मुलं मोडूनच आणायची. देठाच्या बाजूनं काठी खुपसायची आणि माती सैल करत खाली जायचं. वारुळाची अळंबी असेल तर देठ जमिनीत शिरूनही संपत नाही, मुळासारखा बारीक होत खाली जातो. कधी वीतभर, कधी त्याहून खोल. ओढताना तुटला तर टोकाला काळपट दोरा राहतो. दांडा भरीव आणि चिवट असतो, ओढला की त्याचे धागे निघतात. छत्रीच्या मधोमध एक घट्ट टोक असतं. बोटानं दाबून बघा, बाकीच्या छत्रीपेक्षा ते टणक लागतं, कारण माती फोडायचं काम त्याचंच. छत्री उघडली की कडा फाटायला लागते. खालच्या पट्ट्या पांढऱ्या असतात, जून झाल्या की किंचित गुलाबी होतात, आणि देठाला चिकटलेल्या नसतात.

अमानिता खणून काढलीत तर खाली मूळ मिळत नाही. देठाचा बुडखा फुगलेला असतो आणि त्याच्याभोवती फाटक्या पिशवीसारखी किंवा वाटीसारखी पापुद्र्याची खोळ असते. ही खोळ मातीत असते. मोडून आणणाऱ्याच्या पिशवीत पुरावा येतच नाही, तो माळावरच राहतो. दिरांनी आणलेल्या छत्र्यांना बुडखा होता का, हे आता कळणार नाही. मोबाइलच्या फोटोलाही ते कळलेलं नव्हतं. फोटोत ना मूळ येतं, ना वास, ना दांड्याचा चिवटपणा.

देठावर कडं असलं म्हणजे विषारी, असंही सांगतात. ते धरून चालू नका. वारुळाच्या काही जातींना कडं असतं, काहींना नसतं. बुडाशी असणाऱ्या पिशवीसारख्या खोळीचंही तसंच. भाताच्या गवताच्या गंजीवर उगवणारी एक खायची जात आहे, तिलाही बुडाशी खोळ असते. परदेशी गेलेल्या आशियाई माणसांनी तिच्याच भरवशावर तिथली अमानिता खाल्ली आणि जीव गमावला. म्हणून माझा नियम कडक आहे. बुडाशी खोळ दिसली की ती घरात नाही, मग खाणारे कितीही छातीठोकपणे सांगू देत.

आणखी एक छत्री तुम्हाला दाखवून ठेवते, कारण आपल्या भागात फसवणारी म्हणून तिच्याइतकी भेटणारी दुसरी मला माहीत नाही. ती लावणीतही नसते. ती असते घराजवळच्या गवतात, शाळेच्या मैदानावर, शेणखताच्या ढिगाशेजारी. मोठी, ताटलीएवढी होते. पांढरी, वर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं, बुडाशी खोळ नाही. कोवळी असताना पट्ट्या पांढऱ्याशुभ्र.

माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी स्वतः ती घरात आणली. तेव्हा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि विषय माझाच होता. क्वार्टरच्या मागच्या गवतात सात-आठ आल्या होत्या. खोळ नाही, पट्ट्या पांढऱ्या, एवढं बघून मी रस्सा केला. एक छत्री फार उमललेली होती म्हणून ती ओट्याच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर तशीच ठेवली. रात्री साडेआठला जेवलो. दहा वाजल्यापासून एकेकाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सासरे वयस्कर, त्यांचे हातपाय गार पडले. त्यांना दवाखान्यात नेऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं. सकाळी मी घरी येऊन ओटा आवरायला घेतला. ती छत्री उचलली, तर खाली वर्तमानपत्रावर तिच्या पट्ट्यांचा ठसा उमटलेला, चाकाच्या आऱ्यांसारखा. त्याचा रंग हिरवट होता, शेवाळलेल्या भिंतीसारखा. मी तिथंच खाली बसले. रात्रभर थांबले असते तर त्या कागदानंच मला सांगितलं असतं. सासऱ्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही आणि त्याचं मला आजही वाटतं.

तेव्हापासून आमच्या घरात ठसा घेतल्याशिवाय अळंबी चुलीवर चढत नाही. तुम्हीही घ्या, काही कठीण नाही. एक उमललेली छत्री घ्यायची, देठ कापायचा, पट्ट्या खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा, म्हणजे पांढरी भुकटीही दिसते. वर वाटी पालथी घालायची आणि सकाळपर्यंत हलवायचं नाही. बाकीच्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथं त्या घामेजतात आणि सडतात. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर पडतो. हिरवा पडला, टाका. पांढरा पडला, टाका. तपकिरी पडला, टाका. आणि गुलाबी पडला म्हणजे पास झाली, असंही नाही. गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत, त्यांच्या पट्ट्या बहुधा देठाला चिकटलेल्या असतात. ठसा नापास करण्यासाठी घ्यायचा. पास व्हायला जागा, मूळ, टोक, दांडा, पट्ट्या आणि ठसा सगळं जुळायला हवं. एकही गोष्ट जुळली नाही तर त्या दिवशी पिठलं करा.

"थोडी खाऊन बघू, काही झालं नाही तर उद्या सगळ्यांना" हेही करू नका. अमानिताच्या एका छत्रीतलं विष मोठ्या माणसाला पुरेसं असतं आणि ते लगेच काही दाखवत नाही.

हा पुढचा भाग दिरांना वाचून दाखवा. माझ्या घरी झालं तसं, एक ते तीन तासांत उलट्या झाल्या तर त्रास खूप होतो, पण मोठी माणसं बहुतेक वेळा सावरतात. मुलं आणि म्हातारी माणसं मात्र कोरडी पडतात, त्यांना लगेच न्यायचं. याहून भीती उशिराची. रात्री आठला जेवलं आणि पहाटे तीनला, किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी उलट्या-जुलाब सुरू झाले, म्हणजे सहा तासांच्या पुढं, तर ते अमानिताचं विष असू शकतं. एखादा दिवस त्रास होतो आणि मग बरं वाटायला लागतं. माणूस उठून चहा मागतो. घरचे म्हणतात, गेलं एकदाचं. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, शुद्ध हरपते, आणि मग डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून बरं वाटलं तरी जायचं. जे जे त्या पंगतीला होते त्या सगळ्यांनी जायचं, ज्याला काही होत नाही त्यानंही. लवकर उलट्या झाल्या म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण पिशवीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. ताक, तूप, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं, यात वेळ घालवायचा नाही. 108 ला फोन करायचा. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेऊन सरळ बेळगावला मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि "जंगली अळंबी खाल्ली, इतक्या वाजता खाल्ली" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. नाहीतर पावसाळ्यात उलट्या-जुलाब म्हणजे दूषित पाणी, असंच कुणालाही वाटेल. यकृताची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, त्याचा 1800 116 117 हा नंबर कोणत्याही वेळी चालतो आणि डॉक्टरही तिथं विचारू शकतात. घरात शिजवण्याआधी एक अख्खी छत्री, मुळासकट, कागदात गुंडाळून बाजूला ठेवायची सवय लावा. वेळ आलीच तर डॉक्टरांना दाखवायला ती हवी.

बाकी काही गोष्टी भराभर सांगते. एका टोपलीत दोन जाती ठेवायच्या नाहीत. उसाला तणनाशक मारलेल्या बांधावरची आणि डांबरी रस्त्याच्या कडेची घ्यायची नाही, बुरशी मातीतलं सगळं शोषते. चांगली अळंबीसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिबलिबीत झाली की पोट बिघडवते. कच्ची कधीही नाही. लहान मुलांना, पोटुशी बाईला यंदा नाही दिली तर काही बिघडत नाही. मुलं हट्टच करत असतील तर बाजारात ढिंगरी मिळते, ती लागवडीची असते. वारुळाची अळंबी मात्र कुणालाही शेतात पिकवता येत नाही, तिला वाळवीच लागते. म्हणूनच तिचा भाव चढतो, चोर्ल्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या तिच्यासाठी थांबतात, आणि मग घाईनं नव्या पोरांचे पाय नव्या रानात शिरतात. रस्त्यावर विकत घेतलीत तर मूळ असलेली घ्या, छाटलेली नको. आणि दिरांना सांगा, भीमगडच्या हद्दीत शिरू नका. 2011 पासून ते अभयारण्य आहे, तिथून काही उचलणं गुन्हा आहे.

वारूळ फोडायचं नाही, हे सासूबाईंनी तुम्हाला नागपंचमीला सांगितलं असेलच. फोडलं तर पुढच्या साली ती जागा गेली.

आता सासूबाईंचं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत त्या भाजीसाठी नव्हे, असं मला वाटतं. दिसत नाही, माळावर जाववत नाही, आणि आयुष्यभर ज्या कामात कुणी त्यांना विचारत होतं ते काम धाकट्यानं पिशवी भरून आणून टाकलं. हातात घेऊन चाचपून, रुपया टाकून त्यांनी आपला हक्क धरून ठेवला. त्यांच्यासमोर "तुमचा रुपया खोटा" म्हणत बसू नका. त्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून खरं सांगा की भाजी करपली नव्हती, मी ओतली, कारण ती तुमच्या जागेवरची नव्हती. हे शब्द असेच वापरा. तुमच्या हातची असती तर डोळे मिटून खाल्ली असती, आणि ते खरंही आहे.

मग एखाद्या उघडिपीच्या सकाळी नवऱ्याला गाडी काढायला लावा. जिथवर गाडी जाते तिथवर त्यांना न्या, पुढं हात धरून. दिरांनाही बरोबर घ्या, काठी त्यांच्या हातात द्या. प्रत्येक जागा त्यांच्याकडून दाखवून घ्या, कुठल्या नक्षत्रात कुठली, ते वहीत लिहा. मूळ कसं काढायचं ते त्यांना दाखवू दे. डोळ्यांना दिसत नसलं तरी टोकाचा टणकपणा आणि देठाचा चिवटपणा त्यांच्या बोटांना कळतो, तो तुमच्या बोटांना कळेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून चाचपा. निदान दोन पावसाळे नुसतं बघा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय स्वतःहून एकही आणू नका. पावसाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन नको म्हणून त्या थांबल्या असतील तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

परड्यात ओतलेलं अजून तसंच असेल तर त्यावर माती ओढा. कोंबड्या आणि कुत्रं तिथं उकरतात.